ग्रहाला उशीर का झाला?

मुलांनो, आधी एक कबुली देऊन टाकते. मागच्या वर्षी मी चौथीच्या वर्गाला ग्रहमाला शिकवत होते. फळ्यावर आकृती काढून झाली, आठ ग्रहांची नावं घोकून झाली. तास संपायला पाच मिनिटं उरली, तेव्हा मी जरा ऐटीत सांगितलं, "आपल्या सूर्याला ग्रह आहेत तसे इतर ताऱ्यांनाही आहेत. असे पाच हजारांहून जास्त ग्रह सापडलेत. चाळीस प्रकाशवर्षं लांबच्या एका ताऱ्याला तर सात ग्रह आहेत, आणि शास्त्रज्ञांनी त्या सातही जणांची वजनं काढलीत!"

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, ते ग्रह दिसतात?"

"नाही."

"मग त्यांना काट्यावर कसं ठेवलं?"

सगळा वर्ग हसला. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "यंत्रानं करतात. बस खाली."

ती बसली. पण तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की हे काही उत्तर नव्हे. आणि ते नव्हतंच. मला उत्तर येत नव्हतं, आणि 'येत नाही' असं म्हणायचा धीरही झाला नाही. ते मला फार लागून राहिलं. म्हणून ठरवलं, फेब्रुवारीत विज्ञान दिनाला सगळ्या वर्गाला घेऊन 'आयुका'त जायचं आणि ते काट्याचं कोडं सोडवूनच परत यायचं.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो हे तुम्हांला माहीत आहेच. त्या दिवशी पुण्यातल्या मोठमोठ्या संशोधन संस्था आपली दारं सगळ्यांसाठी उघडतात. आम्ही सोमवार पेठेतून सकाळीच निघालो. बत्तीस मुलं, दोन बाई, आणि डब्यांच्या पिशव्या. बस संगम पुलावर आली तशी मुलं खिडक्यांना चिकटली. इथे मुळा आणि मुठा या दोन नद्या भेटतात. पूल ओलांडला की अभियांत्रिकी महाविद्यालय लागतं. मी मुलांना म्हटलं, "नीट बघून घ्या. एके काळी भारतातली सगळ्यांत मोठी दुर्बीण इथे होती."

कोणाला खरं वाटेना. पण ते खरं आहे! तेव्हा या महाविद्यालयाला 'कॉलेज ऑफ सायन्स' म्हणत. तिथे कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी देणगी दिली, सरकारनं भर घातली आणि १८८८ साली पुण्यात वेधशाळा उभी राहिली. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या ग्रब कंपनीनं बनवलेली वीस इंच व्यासाची दुर्बीण तिच्यात होती. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, तेव्हा नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला मुक्काम ठोकून त्याचे वेध घेतले. पुढे १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. आज त्या रस्त्यानं हजारो लोक रोज जातात, पण ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मला विचाराल तर तिथे निदान एक मोठा ठळक फलक हवा.

शिवाजीनगर, मग गणेशखिंडीचा रस्ता, मग विद्यापीठ चौकातली ती नेहमीची गर्दी. आमची बस तिथे बराच वेळ अडकली आणि ठरलेल्या वेळेपेक्षा आम्ही पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो. ही पंचवीस मिनिटं लक्षात ठेवा बरं का, पुढे उपयोगी पडणार आहेत!

'आयुका' म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी यांचं आंतरविद्यापीठ केंद्र. १९८८ साली ते सुरू झालं आणि त्याचे पहिले संचालक होते डॉ. जयंत नारळीकर. तुमच्यापैकी अनेकांनी त्यांच्या विज्ञानकथा वाचल्या असतील. २० मे २०२५ ला पुण्यातच त्यांचं निधन झालं. त्यांची एक गंमत सांगते. सही मागायला आलेल्या मुलांना ते म्हणायचे, सही नको, तुमचा एक प्रश्न लिहून मला पोस्टकार्ड पाठवा. उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेलच. माझ्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न त्यांना नक्की आवडला असता.

चार्ल्स कोरिया या नामांकित वास्तुकारांनी या इमारती आखल्या आहेत. काळ्या दगडाच्या भिंती. आत शिरलं की मधोमध पायऱ्यापायऱ्यांचं कुंड. कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. मुलांनी लगेच तिथे बसून डबे उघडायची परवानगी मागितली. मी दिली नाही.

आत एक लांबलचक लंबक टांगलेला आहे. त्याला फुकोचा लंबक म्हणतात. तो शांतपणे इकडून तिकडे, तिकडून इकडे झुलत असतो. पाच मिनिटं पाहिलात तर कंटाळाल. पण खाली त्याची दिशा टिपून ठेवा आणि तासाभरानं परत या. दिशा थोडी वळलेली दिसेल, पुण्यात तासाला सुमारे पावणेपाच अंश. पूर्ण एक चक्कर व्हायला तीन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. लंबकाला कोणी ढकलत नाही. त्याच्याखाली आपली पृथ्वी वळत असते! पृथ्वी फिरताना आपल्याला दिसत नाही, जाणवत नाही, पण घड्याळ आणि खडू हातात घेतले तर पकडता येते. आम्ही पाटीवर खूण करून पुढे गेलो.

एका दालनात पीएच.डी. करणारी एक ताई मुलांना खेळ दाखवत होती. तिच्यासमोर एक पिवळं लिंबू, एक मोठी गोल परात आणि चिमूटभर ज्वारी होती. माझ्या मुलीनं, म्हणजे दुसऱ्या बाकावरच्या, मी काही बोलायच्या आत विचारून टाकलं, "ताई, न दिसणाऱ्या ग्रहाचं वजन कसं करतात? आमच्या बाई म्हणतात यंत्रानं."

माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच ओळखा.

ताई हसली नाही. म्हणाली, "वजनाचं नंतर. आधी तो केवढा आहे ते काढू." तिनं ज्वारीचा एक दाणा उचलला. "ही समजा पृथ्वी. मग आपला सूर्य या परातीएवढा. आता हा दाणा परातीसमोरून नेला तर परातीचा केवढा भाग झाकला जाईल?" बारा हजार भागांतला जेमतेम एक! इतका कमी प्रकाश घटलेला ओळखणं महाकठीण.

ताऱ्यासमोरून ग्रह जातो, त्याला अधिक्रमण म्हणतात. माझ्या लहानपणी, ८ जून २००४ ला, शुक्र सूर्यासमोरून गेला होता. आमच्या काकांनी द्विनेत्रीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडली होती आणि तिच्यावर तिळाएवढा काळा ठिपका हळूहळू सरकत होता. ढग मध्येमध्ये यायचे आणि आम्ही त्यांच्यावर चिडायचो. (सूर्याकडे दुर्बिणीतून थेट कधीही बघायचं नाही, डोळे जातात. कागदावरच पाहायचं, तेही मोठ्या माणसाबरोबर.) असं शुक्राचं अधिक्रमण पुन्हा २०१२ ला झालं, आणि आता यापुढचं थेट डिसेंबर २११७ मध्ये. तुमची नातवंडं बघतील!

"पण सगळे तारे परातीएवढे नसतात," ताई म्हणाली आणि तिनं लिंबू पुढे केलं. कुंभ राशीत एक अगदी मंद, तांबूस तारा आहे. त्याचं नाव ट्रॅपिस्ट-१. सूर्याच्या तुलनेत त्यात नऊ टक्केच द्रव्य आहे आणि आकारानं तो गुरू ग्रहाहून थोडासाच मोठा. नुसत्या डोळ्यांनी तर तो दिसतच नाही, घरगुती दुर्बिणीतूनही नाही. पृथ्वी जर ज्वारीचा दाणा, तर हा तारा लिंबाएवढा. आता लिंबासमोरून दाणा नेला तर? दीडशे भागांतला एक भाग झाकला गेला! म्हणजे तारा मंद असला तर त्याचे छोटे ग्रह उलट सोपे. आपण मोठ्या दिव्याजवळचा डास पाहू शकत नाही, पण झिरोच्या दिव्यावरचा दिसतो, तसंच.

बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या मायकेल गिलों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच ओळखून असे मंद तारे निवडले. त्यांची दुर्बीण चिलीमध्ये आहे, आरसा फक्त साठ सेंटिमीटरचा. मे २०१६ मध्ये त्यांनी या ताऱ्याचे पहिले तीन ग्रह जाहीर केले. त्या कामात लडाखमधल्या हानले इथली आपली हिमालयन चंद्रा दुर्बीणही होती, हे ऐकून माझ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मग स्पिट्झर नावाच्या अवकाश दुर्बिणीनं जवळजवळ वीस दिवस त्याच ताऱ्यावर नजर ठेवली, आणि २२ फेब्रुवारी २०१७ ला घोषणा झाली, ग्रह सात आहेत! त्यांना साधी अक्षरं दिली आहेत: बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. 'ए' कुठे गेला म्हणाल, तर ते अक्षर ताऱ्यासाठी राखून ठेवतात.

किती प्रकाश झाकला यावरून ग्रहाचा आकार कळला. पण वजन? ताईनं एका मुलाच्या हातात दोन सारख्याच गोळ्या ठेवल्या. एक साबुदाण्याची पिठी मळून केलेली, दुसरी लोखंडाची छर्ऱ्याची. लांबून दोन्ही सारख्या. हातात घेतल्याशिवाय फरक कळत नाही, आणि ग्रह तर हातात येत नाही.

"आज तुम्ही किती वाजता येणार होतात?" तिनं एकदम विचारलं.

"दहा वाजता!"

"आणि आलात?"

"दहा पंचवीसला!" मुलं ओरडली. "चौकात अडकलो!"

"मी चौक पाहिला नाही. पण तुम्हांला उशीर झाला त्यावरून मला चौकातल्या गर्दीचा अंदाज आला. ग्रहाचं वजन असंच काढतात."

मुलांनो, इथे जरा सावकाश वाचा. ताऱ्याभोवती एकच ग्रह असेल तर तो घड्याळासारखा फिरेल. दर वेळी ताऱ्यासमोर नेमक्या तेवढ्याच काळानं येईल. पण शेजारी दुसरा ग्रह असेल तर दोघे गुरुत्वाकर्षणानं एकमेकांना ओढतात. मग पहिला कधी लवकर येतो, कधी उशिरा. शेजारी हलका असेल तर उशीर थोडा, जड असेल तर जास्त. म्हणजे एका ग्रहाच्या उशिरावरून दुसऱ्याचं वजन! ट्रॅपिस्ट-१ च्या ग्रहांमध्ये ही वेळेची चुकामूक काही सेकंदांपासून अर्ध्या तासापर्यंत आढळली. शास्त्रज्ञ संगणकावर सात ग्रह मांडतात, 'समजा याचं वजन एवढं, त्याचं तेवढं' असं धरतात आणि वेळा काढतात. खऱ्या वेळांशी जुळल्या नाहीत की वजनं बदलायची, परत गणित करायचं. असं लाखो वेळा. चारशेहून जास्त अधिक्रमणांच्या वेळा जमवून हे केलं, तेव्हा २०२१ साली सातही वजनं हाती आली.

उशिरावरून शोध लावायची ही युक्ती तशी जुनी आहे. गुरूच्या एका चंद्राची ग्रहणं कधी लवकर, कधी उशिरा होतात हे पाहूनच रोमर यांनी १६७६ मध्ये दाखवलं होतं, की प्रकाशालाही यायला वेळ लागतो.

आता मला तुम्हांला एक गोष्ट सांगायची आहे, जी आयुकात घडली नाही. परतीच्या बसमध्ये मुलं गाणी म्हणत होती आणि माझ्या डोक्यात एकच होतं, आमच्या शाळेतली उशिरा येणाऱ्यांची वही.

शाळा साडेसातला भरते. उशिरा येणाऱ्याचं नाव आणि वेळ शिपाईमामा त्या वहीत लिहितात, आणि तो मुलगा प्रार्थना संपेपर्यंत दाराबाहेर उभा राहतो. माझ्या वर्गातला एक मुलगा वरचेवर असा उभा असायचा. मी त्याला रागवायचे. पालकांना चिठ्ठीही पाठवली होती, तिचं उत्तर आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ती वही घरी आणली आणि त्याच्या वेळा कागदावर मांडल्या. सात त्रेचाळीस, सात एक्केचाळीस, सात अठ्ठेचाळीस. असा आठवडाभर रोज उशीर. मग दोन आठवडे एकदाही नाही! मग पुन्हा एक आठवडा रोज उशीर. मागे जात गेले. जूनपासून तेच. एक आठवडा उशीर, दोन आठवडे नाही. इतक्या नेमानं कोणी आळशी असतं का? काहीतरी त्याला ओढत होतं, आणि ते दर तीन आठवड्यांनी ओढत होतं.

मी त्याला जवळ बसवून विचारलं. त्याची आई एका दवाखान्यात आया आहे. तिची पाळी दर आठवड्याला बदलते: सकाळ, दुपार, रात्र. रात्रपाळीच्या आठवड्यात शेजारच्या आजी सोबतीला येऊन निजतात, पण पहाटे त्यांना भाजीच्या गाळ्यावर जावं लागतं. मग आई घरी पोचेपर्यंत धाकट्या बहिणीजवळ हा थांबतो. आई आली की धावत शाळेत.

"मला सांगितलं का नाहीस रे?"

"तुम्ही 'का उशीर' असं कधी विचारलंच नाही बाई. तुम्ही 'परत उशीर?' असं विचारायचात."

आता त्याच्या त्या आठवड्यात मी त्याची हजेरी पहिल्या तासानंतर मांडते. मुख्याध्यापकांना सांगून ठेवलंय.

असो. ग्रहांकडे वळू. त्या ताऱ्याच्या सात ग्रहांमध्ये आणखी एक मजा आहे. सर्वांत बाहेरचा एच दोन फेऱ्या मारतो, तेवढ्यात जी तीन मारतो, एफ चार, ई सहा, डी नऊ, सी पंधरा आणि बी चोवीस, अगदी काटेकोर नव्हे, पण जवळजवळ. ही गंमत तुम्ही घरी करून बघा. एकानं दर दोन अंकांनी टाळी वाजवायची, दुसऱ्यानं दर तीन अंकांनी. सहावर दोघांची टाळी एकत्र पडते, मग बारावर, मग अठरावर. ग्रहांचंही असंच, पुन्हा पुन्हा ठरावीक ठिकाणीच भेट. झोपाळ्याला योग्य वेळी लहान लहान झोके दिले तर तो उंच जातो ना? तशा या भेटींतल्या बारीक ओढी साठत जातात आणि सेकंदांच्या उशिराची मिनिटं होतात. म्हणूनच ती मोजता आली.

आणि हे ऐकताना मला एकदम एक शाळामास्तर आठवले! व्यंकटेश बापूजी केतकर. १८५४ साली नरगुंदला जन्म, मुंबई इलाख्यातल्या शाळांमध्ये शिक्षकाची नोकरी, आणि उरलेल्या वेळात आकाशाचं गणित. 'ज्योतिर्गणितम्' हा त्यांचा मोठा ग्रंथ. युरेनस ग्रह गणिताबाहेर भटकतो यावरून १८४६ साली नेपच्यून सापडला होता. पण नेपच्यूनच्या पुढे काय? गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांमध्ये एक सुंदर प्रमाण आहे: एकाच्या चार होतात तेव्हा दुसऱ्याच्या दोन आणि तिसऱ्याची एक. केतकरांनी तशीच प्रमाणं बाहेरच्या ग्रहांना लावून पाहिली आणि १९११ साली फ्रान्समधल्या खगोल संस्थेच्या नियतकालिकात लिहिलं, की नेपच्यूनपलीकडे एक ग्रह असावा. त्यांनी त्याला 'ब्रह्मा' म्हटलं. सूर्याभोवती फेरी २४२ वर्षांची, अंतर पृथ्वीच्या सुमारे ३९ पट. १९३० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत प्लूटो सापडला. त्याची फेरी २४८ वर्षांची, अंतर साडेएकोणचाळीस पट! केतकर तेव्हा हयात होते, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विजापूरला वारले.

तुम्हांला खोटं चढवून सांगणार नाही. प्लूटो फारच लहान निघाला, २००६ पासून तो बटुग्रह मानला जातो, आणि केतकरांचं गणित जुळण्यात योगायोगाचाही वाटा होता असं म्हणायला हवं. पण विचार बघा. ट्रॅपिस्ट-१ चा सातवा ग्रह, एच, स्पिट्झरला एकदाच दिसला होता. एकदाच दिसला तर त्याची फेरी किती दिवसांची हे कसं कळणार? २०१७ मध्ये रॉड्रिगो ल्युगर आणि सहकाऱ्यांनी बाकीच्या सहांची प्रमाणं मांडली आणि सांगितलं, सातव्याची फेरी पावणेएकोणीस दिवसांच्या आसपास हवी. मग केप्लर दुर्बिणीनं ७९ दिवस टिपलेल्या नोंदी उघडल्या. एच चार वेळा येऊन गेला होता, १८.७७ दिवसांच्या अंतरानं! शंभर वर्षांपूर्वी कंदिलाच्या उजेडात एका मास्तरांनी जे करून पाहिलं, त्याच वाटेनं ही मंडळी गेली आणि या खेपेला बाण बरोबर लागला.

आणि वजनं? बी, सी आणि जी पृथ्वीच्या सव्वा ते दीडपट. एफ जवळजवळ पृथ्वीएवढाच. ई पाऊण पृथ्वीहून थोडा कमी. डी आणि एच मात्र हलके, पृथ्वीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आकार आणि वजन दोन्ही कळल्यामुळे हेही कळलं, की सातही ग्रह दगडाधातूचे आहेत, फक्त पृथ्वीपेक्षा किंचित हलक्या मिश्रणाचे. साबुदाणा नव्हे! तिथे हवा आहे का, हे वेब दुर्बीण तपासते आहे. बी ग्रहाची तापलेली बाजू तिनं २०२३ मध्ये मोजली. सुमारे २३० अंश सेल्सिअस. म्हणजे त्याच्यावर हवेचं पांघरूण नसावं.

पुण्याहून ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडद आहे. तिथेही विज्ञान दिनाला जाता येतं. द्राक्षांच्या बागा आणि कांद्याच्या शेतांमध्ये पंचेचाळीस मीटर व्यासाच्या, तारांच्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या उभ्या असतात. एकंदर तीस, दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही रेडिओ दुर्बीण. ती डोळ्यांनी पाहत नाही, रेडिओ लहरी ऐकते, म्हणून तिथे मोबाइल बंद ठेवावे लागतात. तिथे स्पंदक ताऱ्यांच्या टिकटिकीच्या वेळा टिपतात. आणि गंमत म्हणजे, सूर्यमालेबाहेरचे खात्रीचे पहिले ग्रह १९९२ साली अशाच एका स्पंदकाच्या लवकर-उशिरा येणाऱ्या टिकटिकीवरून, पोर्तो रिकोच्या दुर्बिणीतून सापडले. दोन ग्रह, एकाची फेरी ६७ दिवसांची, दुसऱ्याची ९८. करा बरं भागाकार. दोनास तीन! ते दोघे एकमेकांना ओढताना १९९४ मध्ये पकडले गेले.

पुण्याच्या मुलांचं आणखी एक नातं सांगायचं राहिलं. २०१९ साली जगभरच्या देशांना एकेक तारा आणि त्याचा ग्रह यांची नावं ठेवायला दिली होती. भारताच्या वाट्याच्या ताऱ्याचं नाव 'बिभा' ठेवलं, बिभा चौधुरी या शास्त्रज्ञ बाईंच्या नावावरून. आणि ग्रहाचं नाव 'संतमस', म्हणजे ढगाळ. ते सुचवलं होतं पुण्याच्या एका तेरा वर्षांच्या विद्यार्थ्यानं!

निघताना आम्ही लंबकाकडे धावत गेलो. पाटीवरची खूण आणि लंबकाची दिशा यांत चांगलं बोटभर अंतर पडलं होतं. पृथ्वी फिरत होती तर!

शाळेत आल्यावर आम्ही वर्गातच ती ग्रहमाला मांडली. बाकं भिंतीला लावली. मधोमध लिंबू. बी ग्रहाचा दाणा लिंबापासून अर्धा मीटरवर, आणि शेवटचा एच तीन मीटरवर. सगळी ग्रहमाला आमच्या वर्गात मावली! त्याच मापानं आपला सूर्य आणि पृथ्वी मांडायची तर परात वर्गात ठेवून ज्वारीचा दाणा सत्तेचाळीस मीटर लांब, पार फाटकाबाहेरच्या वडापावच्या गाडीपाशी न्यावा लागला. त्या दाण्याची राखण करायला सगळेच तयार होते.

दुसऱ्या बाकावरची मुलगी मात्र लिंबाजवळच उकिडवी बसून होती. बोटं मोजत होती. "बाई, ई ग्रहाची फेरी सहा दिवसांची ना?"

"हो. सहा दिवस आणि अडीच तास."

"म्हणजे तिथलं वर्ष सहा दिवसांचं. मग वार्षिक परीक्षा दर आठवड्याला?"

"येत नाही मला सांगता," मी म्हणाले.

"नको बाई," मागून आवाज आला. तो उशिरा येणारा मुलगा होता. "आणि रात्रपाळी किती दिवसांनी येईल तिथे?"

मग सगळा वर्ग खडू घेऊन फळ्याकडे धावला.